छडी नको, तुकडी वाढवून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या पेपरात शाळेतल्या शिक्षेबद्दल वाचकांची जी पत्रं येतायत ती मी सगळी वाचतेय, आणि दर दुसऱ्या पत्रात तेच, की पोरं बिघडली कारण मास्तरांच्या हातातली छडी गेली, ती परत द्या म्हणजे सगळं सुतासारखं सरळ होईल. वसईला नोव्हेंबर २०२५ मध्ये सहावीतल्या एका मुलीला उशिरा आली म्हणून शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला, पुढे ती मुलगी गेली, तेव्हा आठ-दहा दिवस सगळे हळहळले आणि नंतर परत तेच, आमच्या वेळी कसं होतं आणि आम्ही मार खाऊनच कसे घडलो. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत सातवीला गणित-विज्ञान शिकवते, माझ्या वर्गाचा पट ६६ आहे, तेव्हा दंगा म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायला नको. पण छडी मागणाऱ्या एकाही पत्रात एका वर्गात मुलं किती बसतात हे कोणी विचारलेलं नाही, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, कुठे कापायचं ते तुम्ही ठरवा, फक्त आकडे तेवढे ठेवा.

आधी साधा हिशोब बघा. आमचा एक तास ३५ मिनिटांचा. समजा मी वर्गात पाय ठेवल्या ठेवल्या शिकवायला लागले, हजेरी नाही, स्कॉलरशिपच्या फॉर्मची चौकशी नाही, माझं पेन यानं घेतलं अशी तक्रार नाही, तरी एका मुलाच्या वाट्याला माझं अर्धं मिनिट येतं. वह्या तपासायच्या तर एका वहीला दोन मिनिटं धरली तरी ६६ वह्यांना दोन तासांच्या वर जातात, आणि मला असे चार वर्ग आहेत. म्हणजे ज्यानं वहीत काहीच लिहिलं नाही तो पोरगा मला पंधरा दिवसांनी सापडतो, आणि तोपर्यंत त्याला पक्कं कळलेलं असतं की बाईंना पत्ता लागत नाही, मग तो मोकळा आणि त्याचे हात मोकळे. दोघांच्या बाकावर तिघं बसतात, मधे चालायला वाट म्हणून नाही, शेवटच्या बाकापर्यंत जायचं तर दप्तरं ओलांडत आणि पाण्याच्या बाटल्या पाडत जावं लागतं. तिघांच्या बाकावर मधला जो असतो त्याला लिहिताना कोपर ठेवायला जागा नसते, दोन्हीकडून ढकललं जातं, आणि तोच रोज म्हणतो, बाई यानं मला मारलं. आता यात खोडकर कोण आणि बाक कोण?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १७ म्हणतं की मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक छळही करायचा नाही, केला तर सेवानियमांप्रमाणे कारवाई. हे कलम आम्हा प्रत्येकाला पाठ आहे, ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी हेच सांगतात, आणि बरोबरच सांगतात, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण त्याच कायद्याच्या शेवटी एक अनुसूची आहे, तिच्यात लिहिलंय की सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे निदान एक शिक्षक हवा. ती कोणी वाचून दाखवत नाही. आणि गंमत अशी की आमच्या शाळेचा सगळा पट आणि सगळे शिक्षक यांची सरासरी काढली की कागदावर फार वाईट दिसतच नाही, कारण सरासरीत मुलं एका बाजूला आणि शिक्षक एका बाजूला मोजतात, एका खोलीत एका वेळी किती डोकी आहेत ते त्यात कुठे येत नाही. म्हणजे ज्या कायद्यानं आमच्या हातातून पट्टी काढून घेतली त्यानंच तिच्या जागी काहीतरी द्यायला सांगितलं होतं. पट्टी गेली, हे चांगलं झालं. बदल्यात जे यायचं होतं ते वाटेतच राहिलं. छडीवाल्यांशी माझं भांडण आहे ते इथे, ते चुकीच्या गोष्टीची वसुली मागतायत.

आता दंगा करतं कोण. ६६ मधली ६६ पोरं दंगा करत नाहीत हो, खरं तर पन्नासेक मुलं बिचारी बसून असतात, त्यांना शिकायचंय किंवा निदान त्रास नकोय. आठ-दहा जण असतात, आणि त्यांना नीट बघितलं तर प्रत्येकाची भानगड वेगळी निघते. आमच्या भागातली बरीच कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागल्यावर परततात, काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी, पण काही सोबतच जातात, कोपीवर, म्हणजे तोडीच्या झोपडीवर, धाकट्या भावंडांना सांभाळतात, आणि परत येतात तेव्हा वर्ग पूर्णांक संख्या संपवून समीकरणांवर गेलेला असतो. तो पोरगा मागे बसतो. फळ्यावरचं काहीच कळत नाही आणि पस्तीस मिनिटं गप्प बसायचं, हे तुम्हाला-मला जमेल का? मला तर तालुक्याच्या मीटिंगमध्ये वीस मिनिटांत मोबाईल काढावासा वाटतो.

दुसरे ते, ज्यांना वाचताच येत नाही. सातवीत येऊन वाचता येत नाही म्हटलं की शहरातले लोक चकित होतात. मुलांना वाचता-गणित येतं का हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या असर या पाहणीचा २०२४ चा अहवाल बघा, ग्रामीण भारतात आठवीतल्या दर चार मुलांमागे एकापेक्षा जास्त मुलाला दुसरीच्या पुस्तकातला मजकूरसुद्धा सरळ वाचता येत नाही. माझ्या वर्गाला हे गुणोत्तर लावलं तर पंधराच्या वर मुलं होतात, आणि खरंच तेवढी आहेत. या मुलाला उभं करून वाच म्हटलं की तो काहीतरी फालतू जोक मारतो, वर्ग हसतो, मी रागावते, त्याची सुटका होते. वाचता येत नाही हे कळण्यापेक्षा आगाऊ म्हणवून घेणं त्याला परवडतं. तेरा वर्षांच्या पोराला साठ जणांसमोर इज्जत असते, हे आपण मोठे झालो की विसरतो.

आणि काही अगदीच साधी कारणं. एक मुलगा सारखा शेजाऱ्याच्या वहीत डोकवायचा, कॉपी करतो कॉपी करतो म्हणून सगळे त्याला बोलायचे, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून एकदा तपासणीला येते त्यांनी डोळे तपासले तेव्हा कळलं की त्याला फळा दिसतच नव्हता. चष्मा आला, डोकावणं बंद. तसंच एखादं मूल रात्री एक वाजेपर्यंत मोबाईलवर गेम खेळून येतं आणि दुसऱ्या तासाला पेंगतं नाहीतर चिडचिड करतं. आणि हो, एक-दोन हुशार असतात ज्यांचं गणित दोन मिनिटांत होतं आणि उरलेला वेळ ते बाकीच्यांच्या कामी लावतात, पण हे क्लासला जाणारे असतात म्हणून यांना कोणी दंगेखोर म्हणत नाही, यांना अॅक्टिव्ह म्हणतात.

यातल्या कोणत्या कारणावर छडी चालते ते मला सांगा. डोळ्यांवर चालते? वाचनावर चालते? छडीनं एक होतं, तास शांत जातो. पोरगं तसंच राहतं आणि सातवीतून आठवीत जातं. एक मात्र मान्य, छडीच्या काळातही वर्ग मोठेच होते आणि शांत होते. पण त्या काळी ज्याला मार सोसवत नव्हता तो चौथी-पाचवीतच शाळा सोडून गुरांमागे जात होता, मागच्या बाकावर उरायलाच कोणी नव्हतं. आमच्या वेळी असं नव्हतं म्हणणाऱ्यांनी आपल्या पहिलीच्या वर्गातले किती जण दहावीला बरोबर होते ते आठवून बघावं.

मग ६६ मुलांचा वर्ग तू कसा सांभाळतेस असं स्टाफरूममधली नवीन मंडळी विचारतात. जादू काही नाही. मी आधी दारात उभी राहते, आत नाही, दारात, एकेक मूल समोरून जातं तेव्हा कोण रडून आलंय, कोण भांडून आलंय, कोणाची गॅंग कोणावर टपलीये हे तिथेच कळतं. सगळ्यात वाईट तास मधल्या सुट्टीनंतरचा, कारण खिचडी खाऊन हात धुवायला नळ एक आणि पोरं सहाशे, भांडण नळावर सुरू होतं आणि माझ्या तासाला पोचतं, ते दारातच मिटवलं तर मिटतं. फळ्यावर दोन गणितं आधीच लिहून ठेवलेली असतात, मागच्या धड्यातली, मुद्दाम सोपी, सगळ्यांना येतील अशी. आल्या आल्या बसून ती सोडवायची. नवीन शिक्षक इथेच फसतात, ते आत येतात, टेबलावर डस्टर आपटतात, शांत बसा म्हणून ओरडतात, मग हजेरी काढतात, आणि हजेरीच्या पाच मिनिटांत ६५ मुलं रिकामी असतात कारण एका वेळी एकाच मुलाला येस मॅडम म्हणायचं काम असतं. मी हजेरी मुलं गणित सोडवत असताना फिरत फिरत रिकाम्या जागा बघून भरते.

ओरडायचं नाही, हे मी तत्त्व म्हणून सांगत नाहीये, घशासाठी सांगतेय. ६६ मुलांच्या कालव्यावर माझा आवाज चढवला तर कालवा अजून चढतो. त्यापेक्षा वाक्य अर्ध्यावर सोडून थांबायचं. हात वर करायचा, ज्याला दिसेल त्यानं हात वर करून गप्प व्हायचं, असं ठरवून दिलंय. जूनपासून दिवाळीपर्यंत हे छान चालतं, नंतर पोरांना त्याचा कंटाळा येतो आणि काहीतरी नवीन काढावं लागतं, कायमचा इलाज असा कोणताच नाही.

वह्यांचं मी असं केलंय. सहा-सहाचे ११ गट. रोज प्रत्येक गटातली एक वही घ्यायची, म्हणजे रोज ११ वह्या, सहा दिवसांत सगळ्या ६६ होतात. आणि गटातली कोणाची वही आज जाणार ते मी तास संपताना सांगते, आधी नाही, त्यामुळे सगळ्यांनाच लिहावं लागतं. हा एक उपाय मी कोणालाही छातीठोकपणे सांगते, यानं माझा अर्धा गोंधळ कमी झाला, कारण आता मागच्या बाकावरच्यालाही माहीत असतं की या आठवड्यात कधीतरी बाई माझी वही उघडणार आहेत. गटप्रमुख दर आठवड्याला बदलतो. सगळ्यात दंगेखोर पोराला मॉनिटर करा असा एक लाडका सल्ला असतो, तो आठ दिवस चालतो, नवव्या दिवशी तो मॉनिटर साहेब होऊन टपल्या मारत फिरतो.

खोडी दिसली तर नाव घेऊन ओरडण्याऐवजी तिथे जाऊन उभं राहायचं, शिकवणं चालूच ठेवायचं, बोट त्याच्या वहीवर ठेवायचं. बस. बोलायचं असेल ते तास सुटल्यावर व्हरांड्यात, दोघंच, दोन मिनिटं. साठ प्रेक्षकांसमोर बोललात तर त्याला उत्तर द्यावंच लागतं, मग तुम्हाला त्याच्या उत्तराला उत्तर द्यावं लागतं आणि तास गेला. बीएडला असताना आम्हाला जेकब कूनिन म्हणून एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं शिकवलं होतं, त्यांनी १९७० च्या सुमारास वर्गांच्या चित्रफिती बघून सांगितलं की ज्या शिक्षकांचे वर्ग शांत असतात आणि ज्यांचे नसतात त्यांच्या रागावण्यात फारसा फरक नसतो, फरक आधीच्या गोष्टीत असतो, शिक्षकाचं सगळीकडे लक्ष आहे हे मुलांना जाणवतं का, आणि धडा न रखडता पुढे जातो का. तेव्हा मार्कांपुरतं पाठ केलं. पाठीला डोळे असलेल्या बाई आपल्या प्रत्येकाच्या शाळेत एक तरी होत्या, त्यांनी कूनिन वाचला नव्हता.

वाचता न येणाऱ्यांना मी परिपाठाच्या आधी वीस मिनिटं बोलावते. तिसरीची बालभारती आहे, पण तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय, बऱ्याचदा आपल्याच पेपरचं, म्हणजे हे तिसरीचं पुस्तक आहे हे जाता येता कोणाला दिसत नाही. कव्हर नव्हतं तेव्हा पोरं येतच नव्हती. सगळी शिकली असं नाही, पण जी वाचायला लागली ती तासाला जोक मारायची थांबली, हे अगदी डोळ्यासमोर झालं.

काही पद्धती मात्र शाळाशाळांतून बंद व्हायला पाहिजेत. मॉनिटरनं फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची ही त्यातली पहिली. त्या यादीत बोलणारे नसतात, मॉनिटरचे दुश्मन असतात, आणि रुपयाच्या दोन गोळ्यांत नाव पुसलं जातं. एकानं केलं म्हणून अख्ख्या वर्गाला उभं करणं ही दुसरी, यानं जी पन्नास मुलं आपल्या बाजूची होती तीही जातात. आणि तिसरी, मुलाला शिक्षा म्हणून मुलींच्या बाकावर बसवणं. यात त्या मुलीनं काय पाप केलं? ती शिक्षा आहे का? हे करणारे स्वतःला विनोदी समजतात. केंद्राच्या बालहक्क आयोगानं २०१२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात बाकावर उभं करणं, दप्तर डोक्यावर ठेवणं, पायांतून हात घालून कान धरायला लावणं हे सगळं शारीरिक शिक्षेतच धरलंय आणि टोमणे मारणं मानसिक छळात. ते वाचून आमचे एक ज्येष्ठ सर म्हणाले, मग आता श्वास तरी घ्यायचा का. मी त्यांना हसले नाही, कारण त्यांच्या बोलण्यात भीती होती. आज पालक सांगतात, बाई हाडं आमची मांस तुमचं, हाणा त्याला, आणि उद्या तोच पालक चार नातेवाईक घेऊन हेडमास्तरांच्या केबिनमध्ये. शिक्षक यात कुठे उभा राहणार? बरेच जण मग सोपा मार्ग घेतात, मागच्या चार बाकांकडे बघायचंच नाही. पुढच्या वीस मुलांना शिकवायचं आणि मागे जे चाललंय ते चालू द्यायचं. हे मारण्यापेक्षा बरं आहे असं मला काही वाटत नाही.

शिक्षेशिवाय शाळा चालत नाही असं म्हणणाऱ्यांना एक सांगते, कोल्हापूरला शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजनआनंद विद्यालय सुरू केलं आणि ते चालवून दाखवलं. आपल्याच महाराष्ट्रात, मराठी माध्यमात. पण त्यांचं नाव घेऊन आम्हाला भाषण द्यायला जे साहेब येतात ते तिथली पहिली गोष्ट विसरतात, की मूल ओळखीचं असल्याशिवाय यातलं काही होत नाही, आणि ६६ मुलं ओळखीची व्हायला मला डिसेंबर उजाडतो. ट्रेनिंगमध्ये जे व्हिडिओ दाखवतात त्यातल्या वर्गात मी मुलं मोजते. तीसच्या वर कधी गेलेली नाहीत. २०२५ मध्ये केरळातल्या काही शाळांनी एका मल्याळी सिनेमावरून बाकं इंग्रजी यू अक्षरासारखी मांडली, मागचा बाकच नको म्हणून, आपल्याकडेही व्हॉट्सअॅपवर ते खूप फिरलं आणि आमच्या ग्रुपवर वरून विचारणा आली की असं आपल्याकडे का नको. मी टेप घेऊन खोली मोजली. २२ बाकं यू मध्ये मांडायची तर सात-आठ बाकं व्हरांड्यात जातात.

त्यात शिक्षक वर्गात किती असतो हे बघा. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकाला द्यायचं नाही. पण निवडणूक या एका शब्दात बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, वर्षभराचं काम मावतं, आणि बाकी ऑनलाइन माहिती, आधार अपडेट, खिचडीच्या नोंदी यांना तर कोणी काम म्हणतच नाही. ज्या दिवशी दोन शिक्षक बाहेर असतात त्या दिवशी दोन तुकड्या एकत्र बसवतात. १३० मुलं. त्या तासाला शिकवणं नसतं, राखण असते. आणि नेमकी त्याच दिवशी कोणाची तरी डोकी फुटतात आणि पेपरात येतं की शिक्षकांचं लक्ष नव्हतं.

अजून एक, जे कोणी बोलत नाही. त्याच अनुसूचीत असंही आहे की शंभराच्या वर मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाला अंशकालीन निदेशक, म्हणजे थोड्या तासांपुरते शिकवायला येणारे, हवेत. माझ्या त्या आठ-दहा जणांना जर कुठे भाव मिळत असेल तर तो मैदानावर आणि हातानं करायच्या कामात. एक आहे, गणितात भोपळा, पण शाळेची पाण्याची मोटर बंद पडली की शिपाई त्याला बोलावतात. कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात आहे, शिकवायला माणूस नाही, म्हणून तो तास आम्ही गणित-इंग्रजीवाले पोर्शन संपवायला घेतो, म्हणजे ज्या पोराला आठवड्यात दोनच तास बरे वाटले असते ते काढून त्याच्या डोक्यावर अजून समीकरणं. मग तो दंगा करतो आणि आपण म्हणतो संस्कार नाहीत.

आठवीपर्यंत नापास करत नाहीत म्हणून मुलं ऐकत नाहीत, हेही एक ठरलेलं. २०२३ पासून पाचवी आणि आठवीला परत वार्षिक परीक्षा आली, नापास करायची सोयही आली. सातवीत तर सोडाच, आठवीतसुद्धा मागच्या बाकावर मला काही फरक दिसला नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला परीक्षेची भीती घालून वाचता येईल असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी एकदा येऊन बसावं.

खरोखरच्या गंभीर गोष्टीही असतात, ब्लेड घेऊन आलेला मुलगा, मुलीबद्दल घाणेरडं लिहिणारा, घरी बापाचा मार खाऊन इथे दुसऱ्याला मारणारा. यांना समुपदेशक लागतो. आमच्याकडे तो नाही, मंजूर पदांत ते पदच नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर आहे, तिच्या मीटिंगलाही आम्हीच, म्हणजे परत तोच शिक्षक तेवढ्याच वेळात.

आता तुकडी का वाढत नाही. यात एकट्या सरकारचा दोष नाही. २ मे २०१२ ला शिक्षक भरती बंद झाली, नंतर भरतीसाठी पवित्र पोर्टल ही ऑनलाइन व्यवस्था आली, भरती झाली पण थेंब थेंब. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवायच्या जीआरनं तर सहावी ते आठवीला वीसच्या आत पट असलेल्या गावच्या शाळांमधले शिक्षक जाणार म्हणून आंदोलनं झाली, आणि तिथले शिक्षक गेले की तिथली पोरं एसटीत बसून आमच्याकडे येणार, म्हणजे ६६ चे ७५. पण संस्थाचालकांनाही गर्दी हवी असते, पट म्हणजे पद, आणि पालकांनाही नावाजलेल्या शाळेतच घालायचं असतं. आमच्याच गावात अर्ध्या किलोमीटरवर जिल्हा परिषदेची शाळा आहे, सातवीला ११ मुलं आहेत, तिथले सर उत्तम शिकवतात, मी त्यांच्याकडून अपूर्णांकाच्या पट्ट्या करायला शिकले. पालकांना सांगितलं तर म्हणतात, तिथे काय, तिथे तर ११ च पोरं. अहो, तेच तर.

तेव्हा छडी मागणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की या जूनमध्ये शाळेत जाल तेव्हा निकाल किती टक्के हे विचारण्याआधी एका वर्गात किती मुलं बसवणार ते विचारा. अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक असायला हवेत, आणि सरकारी शाळेत विकास आराखडा करणं हे तिचं कायद्यानं दिलेलं काम आहे, अनुदानित शाळेत मात्र ती फक्त सल्ला देऊ शकते. त्या आराखड्यात बहुतेक ठिकाणी कंपाउंडची भिंत आणि पेव्हर ब्लॉक असतात. त्यात, नाहीतर समितीच्या सल्ल्यात, नवीन तुकडी, एक जास्तीची खोली आणि कार्यानुभवाचा शिक्षक एवढं लिहून शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि पोच घ्या. शिक्षकांनी मागितलं की संघटनेचं राजकारण म्हणतात, पालकांनी मागितलं तर निदान फाइल तरी उघडते. आणि संपादक साहेब, तुम्हाला एक, दहावीच्या निकालाला तुम्ही शाळांची टक्केवारी छापता तशी जुलैत एकदा तालुक्यातल्या शाळांची तुकडीवार पटसंख्या छापा, माहिती यूडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, शाळेशाळेनं भरलेली असतेच.

नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिलाय, पण तो छापू नका, अनुदानित शाळेत नोकरी आहे.

आपली विश्वासू,
सातवीची एक वर्गशिक्षिका